पेटीला पाऊस कोण सांगणार?

(तेलंगणातील बेज्जूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे. श्रोत्यांचे प्रश्न जमतील तेवढे ठेवले आहेत.)



पत्रिकेवर विषय छापला आहे 'घरच्या बागेसाठी इंटरनेटवर चालणारे तुषार सिंचन'. त्यावर मी बोलणारच आहे. पण मी येताना एक आग्रह बरोबर घेऊन आलो आहे आणि तो पहिल्याच वाक्यात सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की विषय सोडून बोलले. पाणी सोडणारं यंत्र घरात आणण्याआधी पाऊस मोजणारं भांडं अंगणात ठेवा. माप आधी, यंत्र नंतर. आजची सगळी संध्याकाळ मी याच एका गोष्टीसाठी मागणार आहे.

आता हे तुषार सिंचन चालवणारी पेटी. भिंतीवर बसणारी, साधारण पुस्तकाएवढी. आत २४ व्होल्टचा पुरवठा असतो. तिच्यातून तारा निघतात आणि एकेक तार बागेतल्या एकेका व्हॉल्व्हपर्यंत जाते. तारेतून वीज आली की व्हॉल्व्ह उघडतो, वीज थांबली की मिटतो. इथवर जुन्या पेट्या आणि नव्या पेट्या सारख्याच. जुन्या पेटीत घड्याळ होतं: सकाळी सहाला वीस मिनिटं, संध्याकाळी सहाला वीस मिनिटं. वर धो धो पाऊस कोसळतोय आणि खाली कारंजी चालू, असं दृश्य अमेरिकेच्या उपनगरांत वर्षानुवर्षं दिसायचं. तिथल्या घरगुती पाण्यापैकी सुमारे ३० टक्के पाणी घराबाहेर, मुख्यतः हिरवळीवर जातं. तिथली पर्यावरण संस्थाच सांगते की त्यातलं निम्म्यापर्यंत पाणी वारा, ऊन आणि वाहून जाणं यात फुकट जाऊ शकतं. म्हणून २०११ साली त्या संस्थेने हवामान बघून चालणाऱ्या पेट्यांना आपली मोहोर द्यायला सुरुवात केली.

या नव्या पेटीची खुबी अशी, की ती आधी तुम्हाला प्रश्न विचारते. माती कोणती? झाड कोणतं? सावली किती? उतार आहे का? मग इंटरनेटवरून तापमान, आर्द्रता, ऊन, वारा घेते आणि आज जमिनीतून व पानांतून किती पाणी उडालं असेल याचा हिशेब मांडते. या हिशेबामागचं गणित हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली इंग्लंडमध्ये मांडलं, पुढे मॉन्टीथ यांनी त्यात पानांची भर घातली आणि १९९८ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने ते साऱ्या जगासाठी प्रमाण म्हणून छापलं. पेटी रोजचा जमाखर्च लिहिते. पाऊस आणि दिलेलं पाणी जमेला, उडालेलं पाणी खर्चाला. शिल्लक ठरावीक रेषेखाली गेली तरच व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे वापसा, मातीतली हवी तेवढी ओल, मोडायला आला आहे की नाही, हे ती आकड्यात बघते. तुमची आजी हे मातीचा गोळा करून बघायची.

पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही, हे ठरवणारा माणूस आपल्याकडे पूर्वीपासून होता. धुळ्याकडच्या फड पद्धतीत पांझरेवरच्या बंधाऱ्यांचं पाणी पाळीने सोडणारा पाटकरी. पाण्याचे वाटे गावाने मिळून ठरवणारी नायगावची विलासराव साळुंखे यांची पाणीपंचायत. त्यात अधिक वेळ घालवत नाही.

मला सांगायचा आहे तो पुण्याचा किस्सा. दोन मिनिटांत सांगतो. (हशा)

संतोष ओस्तवाल नावाचे पुण्याचे विद्युत अभियंता. आपल्या आजोबांना त्यांनी मोटार चालू करायला शेतात पायपीट करताना लहानपणी पाहिलं होतं. ते चित्र त्यांच्या मनातून गेलं नाही. महाराष्ट्रात शेतीची वीज कशी येते ते प्राणहितेच्या पलीकडून आलेल्या मंडळींना सांगायला नको. अनेक वर्षं हिशेब असा, की एक आठवडा दिवसा आठ तास आणि दुसरा आठवडा रात्री दहा तास. रात्री म्हणजे अकरा-साडेअकरा, कधी बारा. थंडीचे दिवस, हातात बॅटरी, पायाखाली काय आहे दिसत नाही. साप, विंचू, गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूला वाघ. मोटारीपाशी पोचावं तर वीज आलेलीच नसते. बसा बांधावर. आली तर एक फेज गायब. परत घरी. पहाटे पुन्हा जा. शेतकऱ्याची झोप, गुडघे, कधी कधी जीव, या सगळ्याची किंमत पिकाच्या भावात कुठेही धरलेली नसते आणि मला याचा संताप येतो. (टाळ्या)

तर ओस्तवालांनी 'नॅनो गणेश' हे उपकरण केलं. मोटारीच्या स्टार्टरला जोडायचं, त्याला एक साधा मोबाईल. घरातून त्या मोबाईलला फोन लावायचा. वीज आहे की नाही हे आवाजावरून कळायचं, आणि बटणं दाबून मोटार चालू, बटणं दाबून बंद. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या उपकरणाला एका गटातलं पहिलं बक्षीस मिळालं. आज तुम्ही अमेरिकेतली चकचकीत पेटी बघून थक्क होता. घरात बसून फोनवरून पाणी सोडण्याचं काम मराठी शेतकरी त्या पेट्या घरोघरी पोचण्याआधीपासून करत होता. तेही बागेच्या शोभेसाठी नव्हे, रात्रीची पायपीट वाचवण्यासाठी. हे पाठ्यपुस्तकात असायला हवं.

दोन मिनिटं झाली म्हणता? झाली असतील. पण याचा दुसरा अंक तुमच्या तेलंगणात घडला आहे, तो ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१ जानेवारी २०१८ पासून तेलंगणाने शेतीला चोवीस तास वीज द्यायला सुरुवात केली, तीही मोफत. रात्रीची फेरी संपली. मी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं होतं. पण त्याच वेळी सरकारने शेतकऱ्यांना कळकळीने एक गोष्ट सांगितली: ऑटो स्टार्टर काढून टाका. वीज कंपन्यांनी त्यासाठी मोहीम चालवली. का? ऑटो स्टार्टर हा टंचाईच्या दिवसांतला सोबती. वीज येताच मोटार आपोआप सुरू, म्हणजे मालकाला उठायला नको. आता वीज जातच नाही म्हटल्यावर मोटार थांबणार कधी? पाट भरून वाहतोय, वाफे तुडुंब आणि बोअर मात्र खाली खाली चाललाय.

(एक श्रोता : मग चोवीस तास वीज नको होती का?)

असं मी म्हणालो नाही, भाऊ. कृपा करून माझ्या तोंडी ते घालू नका. रात्री शेतात जाणाऱ्या माणसाच्या बाजूने मी आत्ताच बोललो. माझं म्हणणं एवढंच आहे, की सुरू करण्याची सोय आपण मिळवली आणि थांबण्याचं माप मिळवायचं राहिलं. ऑटो स्टार्टरला पाऊस कळत नव्हता. नॅनो गणेशलाही पाऊस मालकानेच सांगायचा होता.

(दुसरा श्रोता : तुम्मिडीहेट्टीचं बोला! १५२ मीटर की १४८?)

(हशा, गोंगाट) प्राणहितेवरच्या तुम्मिडीहेट्टीच्या बंधाऱ्याच्या उंचीवर तेलंगणा आणि महाराष्ट्र ही दोन राज्यं इतकी वर्षं बोलत आहेत, एका संध्याकाळी मी काय निकाल देणार? पण त्या वादातही दोन्ही बाजू मीटर धरून बोलतात, हे लक्षात घ्या. आपल्या अंगणातल्या पाण्याबद्दल आपण मिलिमीटर धरून का बोलू नये?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. मातीवर अर्धा तास बोलायचं ठरवलं होतं. आता भराभर सांगतो.

नव्या पेटीला पाऊस कुठून कळतो? बहुतेक पेट्यांना इंटरनेटवरच्या हवामान सेवेकडून. ती सेवा आजूबाजूची केंद्रं, उपग्रह आणि गणित यांवरून अंदाज बांधते. हवामान खात्याच्या मोठ्या वेधशाळा आदिलाबादला, रामगुंडमला, पलीकडे चंद्रपूरला. आणि आपला वळवाचा पाऊस कसा पडतो? या टोल्यावर पडतो, त्या टोल्यावर थेंब नाही. चंद्रपुरात माझ्या स्नेह्यांकडे मुलाने अशी एक पेटी बसवून दिली. मे महिन्यात तिने 'पाऊस येणार' म्हणून पाणी रोखून धरलं. पाऊस आला, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. कढीलिंबाचं रोप माना टाकून बसलं. पेटी खोटं बोलली नाही. तिला दिलेला पाऊस त्या अंगणातला नव्हता.

तेलंगणात मंडलोमंडली स्वयंचलित हवामान केंद्रं बसवलेली आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. पण परदेशातली पेटी ती आपणहून वाचत नाही. आपल्याला वाचता येतात.

दुसरं, माती. इथली काळी रेगडी आणि नदीकाठची रेताड जमीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मीटरभर खोल वाळू झाडाच्या उपयोगाचं साधारण ६० मिलिमीटर पाणी धरते, चिकण माती २०० च्या आसपास. पेटीत 'माती' या रकान्यात चुकीचं बोट टेकलं, की पुढचं सगळं गणित तिपटीने चुकतं. शिवाय काळी माती एकदा भिजून भेगा मिटल्या, की तासाला एक ते पाच मिलिमीटरच पाणी पिते. साध्या फवाऱ्याची तोंडं तासाला चाळीस मिलिमीटर ओततात. उरलेलं पाणी रस्त्यावर. म्हणून चांगल्या पेटीत थोडं सोड, थांब, मुरू दे, पुन्हा सोड अशी सोय असते. ती सोय नसेल तर काळ्या जमिनीसाठी पेटी घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो.

(एक श्रोता : साहेब, इथे रेंजच नसते. पेटी घेऊन काय करू?) (मोठा हशा)

हसू नका, आजचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. इंटरनेट गेलं तर बऱ्याच पेट्या शेवटचं वेळापत्रक चालवत राहतात, म्हणजे पुन्हा घड्याळच. कंपनीने उद्या आपली सेवा बंद केली तर तुमच्या भिंतीवर प्लास्टिक राहील. म्हणून घ्यायचीच असेल तर जिचा मेंदू घरातच आहे, जिची घडण सगळ्यांसाठी खुली आहे अशी घ्या. 'ओपनस्प्रिंकलर' हे अशा पेट्यांपैकी एक नाव. आणि तिला पावसाचा तारेवरचा सेन्सर जोडा. त्यात बुचासारख्या चकत्या असतात. पावसाने फुगल्या की स्विच दाबला जातो आणि व्हॉल्व्हची वीज तुटते. सुकल्या की पुन्हा जोडली जाते. रेंज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. तुमच्याच अंगणातला पाऊस, तुमच्याच पेटीला.

पाच मिनिटं राहिली. भांड्यावर येतो.

सरळ भिंतीचा कुठलाही डबा उघड्यावर ठेवा, झाडापासून आणि छपरापासून लांब. पाऊस पडून गेला की पट्टीने मोजा. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरला एक लिटर. गुंठ्याला सुमारे १०० लिटर. स्प्रिंकलर लावला असेल तर असेच आठ-दहा डबे बागेत पसरा, पंधरा मिनिटं पाणी चालवा आणि मोजा. तुमचा संच तासाला किती देतो आणि कुठला कोपरा कोरडा ठेवतो ते तिथल्या तिथे कळेल. बाष्पीभवन मोजण्यासाठी हवामान खात्याचं पात्र सुमारे १२० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल असतं. ते शाळेच्या आवारात बसवा, वर कोंबड्यांची जाळी टाका, नाहीतर कावळे आणि गुरं तुमचा आकडा पिऊन टाकतील. (हशा) रोज जेवढं उतरेल त्याला साधारण ०.७ ने गुणा. तुमच्या भाजीला तेवढं पाणी. आठवीतली मुलं हे करू शकतात, आणि मला वाटतं त्यांनीच करावं. गावाच्या फळ्यावर रोज दोन आकडे: पडलं किती, उडालं किती. पेटी असलेल्या घराने ते पेटीत भरावेत, नसलेल्या घराने बादलीने मोजावेत.

(एक श्रोत्या : माझी अर्धा गुंठा परसबाग आहे. मे महिन्यात रोज किती घालू?)

ताई, आत्ताच करू. अर्धा गुंठा म्हणजे ५० चौरस मीटर. पात्रातून दिवसाला दहा मिलिमीटर उडालं असं धरू; उन्हाळ्यात ते सहज होतं. दहाला ०.७ ने गुणलं, सात. सात गुणिले पन्नास, ३५० लिटर. तेलंगणाच्या मिशन भगीरथ नळयोजनेचा हिशेब ग्रामीण भागात माणशी रोज १०० लिटरचा आहे. म्हणजे साडेतीन माणसांचं पाणी तुम्ही बागेत ओतणार. तेव्हा आधी बघा, पन्नासच्या पन्नास चौरस मीटरवर झाडं आहेत का? वाफे तिसरा हिस्साच असतील तर १२० लिटर पुरे. वाफ्यांवर पालापाचोळा अंथरा, आकडा आणखी उतरेल. धुण्याभांड्यांचं पाणी तिकडे वळवा. आणि तुषारऐवजी ठिबक टाकलं तर पानं आणि वाटा भिजवण्यात जाणारं पाणीही वाचेल. मी स्वतः भाजीच्या वाफ्यांवर फवारा मारणार नाही. हिरवळीसाठी तर मे महिन्यात मुळीच नाही.

अध्यक्षमहाराज, थांबतो. आभाराआधी एकच विनंती. पश्चिमेला ढग आहेत. घरी गेल्यावर एक डबा बाहेर ठेवा आणि उद्या सकाळी साडेआठला मोजा. साडेआठच, हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजतं, म्हणजे तुमचा आकडा आणि मंडलाच्या केंद्राचा आकडा शेजारी-शेजारी लिहिता येईल. काहीच पडलं नाही तर शून्य लिहा.