सल्ला यंत्राचा, उत्तरदायित्व कोणाचे?



संगणकापाशी मन मोकळे करण्याचा प्रकार नवा नाही. १९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही आज्ञावली सादर केली. ती मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करी; समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्नरूपाने परत करी. तिला समज मुळीच नव्हती. तरीही, ती घडताना पाहिलेल्या त्यांच्या चिटणीस बाईंनी थोड्याशा संवादानंतर त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले! विश्वास बसणे निराळे आणि विश्वासास पात्र असणे निराळे, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

तो विसरल्याचा परिणाम २०२३ मध्ये दिसला. आहारविकारग्रस्तांसाठी कार्य करणाऱ्या अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने माणसांकरवी चालणारी दूरध्वनी-सेवा बंद करण्याचे ठरविले. त्याच सुमारास तिचा ‘टेसा’ हा चॅटबॉट कॅलरी मोजण्याचा व वजन उतरविण्याचा सल्ला देत असल्याचे उघड झाले. एरवी निरुपद्रवी वाटणारा हा सल्ला, अन्न टाकणे हाच ज्यांचा आजार, त्यांना घातक ठरू शकतो. संघटनेला टेसा मागे घ्यावी लागली. उणीव माहितीची नव्हती. ती कोणाला द्यावी, या विवेकाची होती.

म्हणूनच केवळ बरोबर उत्तरांच्या टक्केवारीवर अशा साधनाची पारख होत नाही. उत्तर देण्यापूर्वी ते वय, गर्भारपण, चालू औषधे विचारते काय? माहिती अपुरी असता तसे सांगते काय? ‘जीव घाबराघुबरा होतोय’ या मराठी उद्गारात नुसती भीती असेल, हृदयविकाराची सूचनाही असेल. ते ओळखून रुग्णाला तत्काळ रुग्णालयाकडे धाडते काय? आणि त्याने विश्वासाने सांगितलेले कोठे साठविले जाते?

भारताने मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांत याबाबत स्पष्ट रेषा आखली. कृत्रिम बुद्धिमत्तेने नोंदणीकृत डॉक्टरांना साहाय्य करावे. रुग्णाला परस्पर सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये. डॉक्टर चुकले तर त्यांना जाब विचारता येतो, त्यांची नोंदणी काढून घेता येते. यंत्राला ना नोंदणी, ना सदसद्विवेक.

अहवालातील अवघड शब्दांचा अर्थ यंत्राकडून खुशाल समजून घ्यावा, डॉक्टरांना विचारावयाच्या प्रश्नांची यादी करावी. परंतु घरातील वडीलधाऱ्यांची रक्तदाबाची गोळी बंद करणे वा बदलणे, हा निर्णय ज्याला उत्तरदायित्व आहे त्याच्याकडेच राहिला पाहिजे.