आंतड्याचें अंतर्दर्शन

पोटाच्या दुखण्याविषयीं चारचौघांत बोलण्याचा आपल्याकडे प्रघात नाहीं. शौचावाटे रक्त पडूं लागलें तरी तें मूळव्याधीचेंच असें समजून घरगुती औषधांवर महिनेच्या महिने काढणारीं माणसें सुशिक्षित कुटुंबांतही आढळतात. ह्या संकोचापायीं जे दोन रोग उशिरां ओळखले जातात, त्यांच्याविषयींचें अलीकडील संशोधन श्रोत्यांच्या कानीं घालण्याजोगें आहे.

पहिला रोग अल्सरेटिव्ह कोलायटिस. लंडनच्या गाय रुग्णालयांतील सॅम्युएल विल्क्स यांनीं १८५९ सालीं त्याचें वर्णन केलें. तो मोठ्या आंतड्याच्या अस्तरापुरता राहतो. दुसरा क्रोन रोग. हा मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेंही उद्भवतो आणि आंतड्याच्या भिंतीचे सर्व थर पोखरतो. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर या तिघांनीं तो वर्णिला. नांवें वर्णानुक्रमें छापलीं गेल्यामुळें रोगाला नांव मात्र एकट्या क्रोन यांचें मिळालें! दोन्ही रोगांत शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच आंतड्याशीं वैर मांडते.

आंतील हा प्रकार प्रत्यक्ष पाहण्याचें साधन म्हणजे कोलनॉस्कोपी. १९६९ सालीं न्यूयॉर्कमध्येंच विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनीं लवचिक नळीनें सबंध मोठें आंतडें पाहण्याची व त्यांतील मांसल गांठी तारेच्या फांसानें काढण्याची रीत पुढें आणली. आतां नळीच्या टोकाशीं सूक्ष्म कॅमेरा असतो. लोक नळीला भितात. खरा त्रास आदल्या दिवशींच्या रेचकाचा असतो.

ह्या दर्शनानें उपचारांचें ध्येयच पालटलें. पूर्वीं कळा व जुलाब थांबले कीं रोगी बरा समजत. परंतु रोग्याला बरें वाटत असतांनाही आंत व्रण कायम असूं शकतात, आणि तेच पुढें आंतडें आकुंचित करतात किंवा शस्त्रक्रियेची पाळी आणतात. म्हणून २०१५ व २०२१ सालीं तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें अस्तर भरून येणें हें उपचारांचें ध्येय ठरविलें. दर वेळीं नळीच घालावी लागते असें नव्हे. मलांतील कॅल्प्रोटेक्टिन नांवाच्या प्रथिनाच्या मोजमापावरूनही दाहाचा अंदाज येतो.

तीव्र औषधें केव्हां द्यावींत, हा जुना वाद. सौम्य औषधांपासून पायरीपायरीनें चढत जावें, ही रूढ रीत. ब्रिटनमध्यें नुकतेंच निदान झालेल्या ३८६ क्रोन रोग्यांवर ह्या रीतीची परीक्षा झाली व २०२४ सालीं तिचें फळ प्रसिद्ध झालें. ज्यांना आरंभींच इन्फ्लिक्सिमॅब व त्याच्या जोडीचें औषध दिलें, त्यांपैकीं शेंकडा ७९ जण वर्षभराच्या सुमारास स्टेरॉइडवांचून व शस्त्रक्रियेवांचून रोगमुक्त स्थितींत होते; पायरीपायरीच्या गटांत अवघे १५. एवढी तफावत क्वचितच दिसते.

मग सर्वांनाच तें औषध आरंभीं कां देऊं नये? किंमत हें एक कारण. भारतांत त्याहून मोठें कारण क्षयाचें आहे. आंतड्याचा क्षय व क्रोन रोग यांचीं लक्षणें सारखीं, व्रणांची जागाही बहुधा तीच: लहान आंतडें जेथें मोठ्या आंतड्यास मिळतें ती. क्षयाचे व्रण बहुधा आडवे, तर क्रोन रोगाचे उभे लांबट; पण ही खूण नेहमीं स्पष्ट नसते, आणि तेथून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणींतही पुष्कळदां निर्णय लागत नाहीं. इन्फ्लिक्सिमॅब तर शरीरांत दबून राहिलेल्या क्षयाला मोकळें रान देतें. उलट क्रोनच्या रोग्यास क्षयाचीं औषधें देत बसल्यास महिने वायां जातात व आंतडें आकुंचित होत राहतें.

संशय फिटत नसेल तेव्हां आपल्याकडील डॉक्टर आधीं क्षयाचीं औषधें सुरू करतात व कांहीं आठवड्यांनीं पुन्हां नळी घालून पाहतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील अभ्यासानें ह्या दुसऱ्या दर्शनाचें महत्त्व दाखविलें आहे. एवढे पैसे व पुन्हां तें रेचक कशाला, असें घरच्यांना वाटतें. रोग्याचें वजन वाढलेलें असतें, भूकही लागूं लागलेली असते. पण क्रोनच्या पुष्कळ रोग्यांनाही क्षयाच्या औषधांनीं कांहीं काळ बरें वाटतें. व्रण भरले असतील तर तो क्षय, व औषधें पुरतीं घ्यावयाचीं. व्रण जसेच्या तसे असतील, तर क्रोनचा उपचार त्याच आठवड्यांत सुरू करतां येतो.