परक्या घराची भिंत

माझ्या एका ख्रिस्ती मित्राचा भाचा अमेरिकेत असतो. चर्चच्या तुकडीबरोबर तो आठ दिवस होंडुरासला जाऊन आला. एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं, हातात थापी, मागं अर्धी चढलेली भिंत, असा फोटो मित्रानं कौतुकानं दाखवला. ‘पोरानं आयुष्यात पहिल्यांदा सिमेंट कालवलं,’ म्हणाला. मी हसलो. पण मनात आलं, ओळंबा कुणी धरला असेल?

मिशनरी म्हणजे जन्म घालवायला आलेला माणूस, असं आपण समजत होतो. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत आली, मग अहमदनगरला गेली. मराठी शिकली, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढलं. त्यांच्या धर्मप्रसाराशी आपलं पटो न पटो, ती इथं राहिली, काही इथल्याच मातीत गेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुट्टीपुरता मिशनरी निघाला. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन धर्मपुस्तकांसह मेक्सिकोत गेला. पुढं विमानप्रवास आवाक्यात आला आणि रिवाजच पडला. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाच्या अंदाजानुसार २००५च्या सुमारास वर्षाला सोळा लाख अमेरिकन अशा फेऱ्यांवर जात होते.

होंडुरासचाच दाखला घेऊ. १९९८च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ चक्रीवादळानं तिथं हजारो माणसं मेली, डोंगर खचले, घरं वाहून गेली. घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून चर्चच्या तुकड्या लोटल्या. कर्ट व्हर बीक हा स्वतः ख्रिस्ती, होंडुरासमध्ये राहणारा अमेरिकन प्राध्यापक. त्यानं नंतर चौकशी केली आणि ती २००६ साली छापली. स्थानिक संस्थेनं बांधलेलं घर साधारण २ हजार डॉलरला पडलं होतं. पाहुण्यांच्या हातचं तसलंच घर, त्यांचा प्रवासखर्च धरला तर, ३० हजारांच्या घरात गेलं. घर मिळालेल्यांच्या आयुष्यात मात्र कुणी बांधलं यानं फरक पडला नव्हता. ‘या प्रवासानं आम्ही बदललो, आता जास्त देणगी देतो,’ असं स्वयंसेवक सांगत. संस्थेच्या वह्यांत ती वाढ काही दिसेना.

हे वाचून मी खूश व्हायला हवं होतं. झालो नाही. मला किल्लारी आठवली.

३० सप्टेंबर १९९३चा भूकंप. मी बी.ए.ला होतो. आम्ही सातजण कपड्यांची गाठोडी घेऊन ट्रकनं लातूरकडं निघालो. ढिगारे उपसायला लष्कर होतं, त्यांना आमचा अडथळाच. अन्नछत्रात जेवलो ते गावकऱ्यांच्याच रांगेत. एका कुटुंबाला पुरला असता असा तंबू आम्ही चार रात्री अडवला. निघताना एका आजीनं विचारलं, ‘परत कवा येणार, बाळा?’ ‘दिवाळीनंतर,’ म्हणालो. गेलो नाही. कविता मात्र लिहिली, कविसंमेलनात म्हटली, टाळ्या घेतल्या.

आमच्या घरी अब्बा तबलीग जमातीबरोबर चिल्ल्याला जात. चाळीस दिवस. बिस्तरा, स्टोव्ह, डाळ-तांदूळ सगळं आपलं, मुक्काम मशिदीत. मागं दुकान अम्मी सांभाळायची, हा हिशेब कुणी मांडत नसे. पण ‘आपण स्वतःला सुधारायला निघालोय,’ हे ते उघड म्हणत. दुसऱ्याचं घर बांधतो, असा दावा नव्हता.

सगळ्याच फेऱ्या वाया जातात असं मी म्हणणार नाही. मोतीबिंदू काढणारा डॉक्टर आठ दिवसांतही पुष्कळांना दृष्टी देऊन जातो. दरवर्षी त्याच गावी जाणारा, तिथल्या डॉक्टरला हाताशी घेणारा तर हवाच. भीती वाटते ती नुसत्या घाईच्या कळवळ्याची. जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर हैतीत दहा अमेरिकन बॅप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना ‘अनाथ’ म्हणून सीमेपार नेताना पकडले गेले. त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप हयात होते.

मी मित्राला म्हटलं, ‘भाच्याला विचार, भिंत बांधणाऱ्या गवंड्याचं नाव काय?’ दोन दिवसांनी फोन आला. नाव त्यानं विचारलंच नव्हतं; आता तिथल्या चर्चला लिहून विचारतोय. आणि त्याचा उलट प्रश्न होता, ‘मामा, त्या कवींना विचार, किल्लारीच्या आजीचं नाव काय होतं?’

मित्र फोनवर थांबून होता. मला सांगता आलं नाही.