मिताहार आणि मूत्रपिंडांचे वार्धक्य



पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली आणि प्रत्येकी जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाची मूत्रपिंडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंचमांश भाग बिनतक्रार स्वीकारतात, अहोरात्रात १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने बाहेर टाकून बाकीचा रक्तास परत करतात. हे गाळण्याचे काम सूक्ष्म केशवाहिन्यांच्या गुच्छांकडे असते. मूत्रपिंडदान करणाऱ्या निरोगी माणसांची तपासणी झाली, तेव्हा तिशीच्या आतील व्यक्तीच्या एका मूत्रपिंडात असे कार्यक्षम गुच्छ सरासरीने ९,९०,००० आणि सत्तरी ओलांडलेल्याच्या मूत्रपिंडात अवघे ५,२०,००० आढळले. गेलेल्या गुच्छाच्या जागी नवा कधी तयार होत नाही.

हा क्षय आहाराच्या नियमनाने मंदावेल काय?

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मकके यांनी १९३५ साली दाखवून दिले, की जीवनसत्त्वे व क्षार यांत उणीव न ठेवता केवळ उष्मांक घटवले असता पांढरे उंदीर दीर्घायुषी होतात. पुढे टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे मासोरो आणि यू या संशोधकांनी उंदरांचा आहार ४० टक्क्यांनी कमी केला, तेव्हा पोटभर खाणाऱ्या उंदरांचा वार्धक्यात बळी घेणारा मूत्रपिंडविकार या मिताहारी उंदरांत फारच सौम्य राहिला. मला याहूनही उद्बोधक वाटतो तो त्याच प्रयोगशाळेतील पुढचा प्रयोग : आहाराचे मान न घटवता दुधातील केसीनऐवजी सोयाबीनचे प्रथिन दिले, तरी विकार बराच रोखला गेला. म्हणजे अन्नाच्या परिमाणाइतकाच त्याच्या जातीचाही हिशेब येथे मांडावा लागतो. प्रथिनांनी समृद्ध भोजनानंतर गुच्छांतील रक्तप्रवाह व दाब वाढतात, आणि काही गुच्छ निकामी झाले की त्यांचा भार उरलेल्यांवर पडून तेही झिजतात, अशी उपपत्ती ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडली होती. २०१० साली जपानी संशोधकांना आणखी एक कारण गवसले. अल्पाहारी वृद्ध उंदरांच्या मूत्रपिंडांतील पेशी आपल्या आतील जीर्ण ऊर्जाकेंद्रे स्वतःच पचवून टाकण्याचा शिरस्ता टिकवून धरतात, आणि म्हणून प्राणवायूची टंचाईही सोसतात.

तथापि पिंजऱ्यात दिवसभर अन्नाशेजारी बसलेला उंदीर आणि शेतात राबणारा मनुष्य यांना एकच दाखला लावणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकेत स्थूल नसलेल्या दोनशेंवर माणसांवर उष्मांक घटवण्याचा दोन वर्षांचा प्रयोग झाला. २५ टक्के कपातीचा संकल्प प्रत्यक्षात सरासरी १२ टक्क्यांवर आला. रक्तदाब उतरला, ही गोष्ट मूत्रपिंडांच्या हिताचीच. परंतु अनेक दशके चालणाऱ्या क्षयाचा निवाडा दोन वर्षांत होत नसतो. ज्यांची मूत्रपिंडे आधीच विकारग्रस्त आहेत त्यांनी तर वैद्याच्या देखरेखीवाचून अन्न तोडू नये, कारण कुपोषण त्यांना अधिक लवकर गाठते.

आपल्या देशात या विषयास आणखी एक बाजू आहे. गुच्छांची घडण गर्भावस्थेच्या सुमारे छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पुरी होते, आणि कमी वजनाने जन्मलेल्या बालकांत त्यांची संख्या बहुधा कमी असते. तेव्हा मिताहाराचा उपदेश ज्या घरात पोहोचतो त्याच घरातील गर्भवती सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले खात असेल, तर सासऱ्यांच्या मूत्रपिंडांची चिंता वाहण्यापूर्वी तिचे ताट भरणे हे पहिले काम होय.