भयाचा खेळ आणि आपली भुते



विषय ऐकताच सभेत थोडी हसाहस झाली, ती आम्ही पाहिली. वसंतातल्या व्याख्यानात भुते कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल. पण भुते आम्ही आणलेली नाहीत. ती येथलीच आहेत. आम्ही त्यांना फक्त खेळायला बोलावणार आहो.

खेळ असा. चारपाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपले पात्र काय करते ते ज्याचे त्याने सांगायचे, आणि साधेल की फसेल हे फाशांनी ठरायचे. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अशा जातीचा खेळ छापून निघाला. १९८१ साली लव्हक्राफ्टच्या कथांवर आधारलेला 'कॉल ऑफ क्थुल्हू' हा भयाचा खेळ आला. त्यात पात्राच्या मनाचा तोल आकड्यांत मांडतात, आणि भयंकर काही दिसले की तो आकडा घटतो. तेथे तलवारीपेक्षा ग्रंथालय अधिक कामी येते, हे आम्हांस फार आवडले. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय. मग येथल्या मुलांनी भुतासाठी परदेशातले पडके वाडे का शोधावेत?

एक कथाबीज घ्या. शेवटच्या लोकलने डोंबिवलीस उतरलेले चौघे चकव्यात सापडतात. कितीही चालले तरी पुन्हा त्याच रिक्षाथांब्यापाशी येतात. चकवा लागला की उजाडेपर्यंत बसून राहावे, असे जुनी माणसे सांगत. पण एकाच्या खिशात आईचे औषध आहे. बसायचे की चालायचे? येथे खेळ सुरू झाला. नुसती किंकाळी ऐकवलीत तर मुले दचकतील आणि चहा मागतील.

दुसरे बीज सोसायटीच्या आवारातले. इमारत पाडून नवी बांधायची आहे, आणि बुजवलेल्या विहिरीवरचा पिंपळ आड येतो. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, ही समजूत आपणांस ठाऊक आहेच. खेळणारे सगळे सभासद. प्रत्येकाला मोठी जागा हवी. तो मुलगा कोणाच्या घरचा, हे मात्र जुन्या दप्तरात शोधावे लागते.

पारसिकच्या बोगद्याचे बीज आम्हांस पुष्कळांनी सुचवले. ते आम्ही घेत नाही. रुळांवर गेलेल्या माणसांची घरे याच गावांत आहेत.

तिसरे बीज आमच्यावरच उलटले. आमच्या घरी मुले जमली होती, सूत्रधार आम्हीच. आम्ही हडळ आणली; उलटी पावले, मोकळे केस, सगळा थाट केला. एक मुलगी फासे खाली ठेवून म्हणाली, "काका, बाळंतपणात गेलेली बाई म्हणजेच हडळ ना? आमच्या आजीची जाऊ तशीच गेली." कोणी बोलेना. खेळ आवरावा असे आम्हांस वाटले. पण तिनेच फासे पुन्हा उचलले. तिचे पात्र पळाले नाही, मंत्रही म्हणाले नाही. त्या रात्री सुईणीला बोलवायला कोण गेले नाही, हे तिने एकेका गावकऱ्याला विचारायला घेतले. शेवटी ती हडळीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचे नाव काय?"

आम्ही तिला नावच ठेवले नव्हते.