पाटीवर काय लिहायचं?

(सारोळे येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'आपल्या मंडळाचं कार्य'. कार्य म्हणावं असं आम्ही एकच केलं. तेही आधी बिघडवलं आणि मग निस्तरलं. ते सांगतो.

नीरेच्या पलीकडे शिरवळ. तिथला सुभानमंगळ आपण पुस्तकात शिकलो. १६४८ साली फत्तेखानाच्या स्वारीत बाळाजी हैबतराव शिरवळावर आला, कावजी मल्हारांनी त्याला मारून किल्ला परत घेतला. हे पाठ होतं, पण तो किल्ला बघायला पूल ओलांडून गेलेला आपल्या वर्गात एकही नव्हता. शिरवळला आपण जायचो ते बाजाराला. आणि गेलो असतो तरी दिसलं काय असतं म्हणा, नदीकाठी थोडे अवशेष उरलेत तेवढेच.

किल्ल्याची ही गत, तर दगडाला कोण विचारतं? आपल्यातल्या एकाच्या आजोळी देवळामागं असा एक दगड आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, आणि स्मरणिकेतही छापू नका. असे दगड रात्रीतून टेम्पोत घालून नेतात. लहानपणी आम्ही त्याच्यावर बसून चिंचा खाल्ल्या, बायाबापडे त्याच्यावर विळ्याला धार लावायचे. तो वीरगळ होता.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना दिसतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर तर जहाजांची लढाई कोरलीय. पण नाव? आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. कावजी मल्हारांचं नाव निदान पुस्तकात आलं. याचं कुठंच नाही.

तर आमच्या मंडळानं ठरवलं, याचं काहीतरी करायचं. उत्साह दांडगा, अक्कल बेताची. एका रविवारी तारेच्या ब्रशनं दगड घासला, त्याला काळा ऑइल पेंट मारला आणि वीराला सोनेरी. फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. दोनशे अंगठे आले. तिसऱ्या दिवशी पुरातत्त्व शिकलेल्या एका मुलीचा फोन आला. आपल्याहून वीस वर्षांनी लहान. ती म्हणाली, "काका, तुम्ही चोरापेक्षा जास्त नुकसान केलंत." राग आला, खोटं कशाला सांगू. मग तिनं समजावलं. दगडात ओल शिरते आणि बाहेर पडते. रंगानं तिची वाट बुजली की ती आतच राहते, क्षार धरतात आणि वरचा पापुद्रा कोरीवकामासकट सुटतो. सिमेंटचंही तसंच. तारेच्या ब्रशानं तर वीराच्या तोंडावरची उरलीसुरली रेघही गेली होती. ती आता कुणालाच परत आणता येणार नाही. ते मी केलं, या हातानं.

रंग लावायला एक दुपार लागली, काढायला सहा रविवार. आधी तळाच्या कोपऱ्यात नखाएवढ्या जागी रसायन लावून बघायचं, मग कापूस, बांबूची काडी, मऊ ब्रश, साधं पाणी. आधी आणि नंतर फोटो. ग्रामपंचायतीला पत्र, पुरातत्त्व विभागाला पत्र. खणायचं तर अजिबात नाही. १८७८ चा एक कायदा आहे, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं जुनं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपयांत आज वडापावही येत नाही, पण कायदा आहे. आम्ही परवानगी घेऊन फक्त रस्त्याच्या कामात दगडाच्या पायाशी पडलेला भराव उचलला.

आणि खालची चौकट वर आली. तिच्यात गाई होत्या. चार गाई आणि त्यांच्यापुढं आडवा पडलेला माणूस.

इथं भांडण सुरू झालं. गावात पूर्वापार समज, हा शिवरायांचा मावळा. आमच्यातल्या एकानं पाटीसाठी पैसे देऊ केले होते, पाटीवर 'शिवकालीन वीराचे स्मारक' आणि खाली स्वतःचं नाव. वीरगळ शिलाहार-यादवांच्या काळातले पुष्कळ आहेत, नंतरही उभारले गेले. हा नेमका कधीचा, हे दगड सांगत नाही. मग आपण कसं सांगायचं? "गाईंसाठी मेला म्हटलं तर लोक हार घालतील का?" असं एकजण म्हणाला. बैठक रात्री अकरापर्यंत चालली. पैसेवाले उठून गेले, आजही बोलत नाहीत. आज आलेत, मागे बसलेत, मी बघितलंय. या पुढं, जेवण एकत्रच आहे.

दुसरा पेच शेंदराचा. वरच्या चौकटीवर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदराचा थर. तो काढला तर पूजा दिसेल, म्हणून आमचे हात शिवशिवत होते. तेवढ्यात एक आजी तांब्या घेऊन आल्या.

"आरं, द्येवाला उघडा करताय व्हय?"

"आजी, हा देव नाही, गाईंसाठी लढून मेलेला माणूस आहे."

"मंग? तवाच तर द्येव झाला न्हाई का त्यो!"

याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. त्या मुलीकडंही नव्हतं. शेंदूर तसाच ठेवला. एवढंच ठरलं की नवा शेंदूर पायाशी वाहायचा, कोरीवकामावर नाही. आजींनी मान्य केलं. सगळे पाळतात असं म्हणत नाही.

शेवटी पाटी लागली. दगडाला खिळा नाही, बाजूला वेगळ्या खांबावर. चारच ओळी: हा वीरगळ आहे. गाईंचं रक्षण करताना मेलेल्या माणसाची ही आठवण. त्याचं नाव आणि काळ दगडावर कोरलेला नाही. कृपया रंग लावू नये. देणगीदारांची नावं नाहीत. वर्गणी कुणी किती दिली ते वहीत आहे, वही माझ्याकडं आहे, कुणीही बघावी.

आता नीरेकाठच्या आणखी एका गावानं बोलावलंय. तिथं दोन दगड गोठ्याच्या भिंतीत आहेत. ते बाहेर काढायचे नाहीत, नुसती नोंद करायचीय: माप, फोटो, घरमालकाचं म्हणणं. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता कपूरहोळच्या फाट्यावर जमू. ज्यांना यायचंय त्यांनी टेप, वही आणि पाण्याची बाटली आणावी. ब्रश मी आणतो. तुमच्या घरचा कुणी आणू नका.