मीठ, ऊन आणि वारा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी मला याच शाळेत रसायनशास्त्र शिकविले. हॅलोजन म्हणजे ग्रीक भाषेत ‘मीठ घडविणारा’, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. सरांनी आपल्या टिपणांची मुद्रिते मजकडे तपासण्यास दिली. त्यांत ‘हवेतील मीठ सहसा निष्क्रिय असते’ असे वाक्य होते. ‘सहसा’ मला ढिसाळ वाटला; मी तो गाळला. सर काही बोलले नाहीत. त्या एका शब्दाचे ऋण आज मला फेडावयाचे आहे.

१८२६ साली फ्रान्सच्या बालार या तरुण रसायनज्ञाला मोंपेलिएच्या मिठागरांत, मीठ काढल्यावर उरलेल्या पाण्यात, ब्रोमीन सापडले. एक लिटर समुद्रजलात ते जेमतेम ६५ मिलिग्रॅम, तेही ब्रोमाइडच्या रूपात. परंतु १९८० च्या दशकात उत्तर ध्रुवाजवळ, कॅनडातील अलर्ट येथे, निराळेच दिसले. ध्रुवीय रात्र सरून वसंतातले ऊन आले की जमिनीलगतचा ओझोन काही तासांत जवळजवळ नाहीसा होई. १९८८ साली लिओनार्ड बॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध ब्रोमीनशी जोडला.

हे ब्रोमीन समुद्राच्या मिठातले. हायपोब्रोमस आम्लाचा एक रेणू खारट, आम्लधर्मी बर्फावर वा मीठकणावर उतरतो, तेथील ब्रोमाइड सोबत घेतो आणि ब्रोमीन वायू होऊन बाहेर पडतो. उन्हाने त्याचे दोन अणू होतात. दोन्ही ओझोन मोडतात आणि पुन्हा ते आम्ल बनून मिठाकडे परततात. एक आत गेला, दोन बाहेर आले. हे चक्रवाढ व्याजच! शास्त्रज्ञ याला ‘ब्रोमीन स्फोट’ म्हणतात.

हे दूर ध्रुवावरचे, असे म्हणून आपली सुटका नाही. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे रात्री मीठकणांतील क्लोरीन सोडवितात. अशा रीतीने बनलेला नायट्रिल क्लोराइड वायू २००६ साली अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या सागरी हवेत मोजला गेला. सकाळच्या उन्हात त्यातून क्लोरीनचे अणू सुटतात. शहराच्या मलिन हवेत ते ओझोन वाढविण्यास हातभार लावतात, आणि श्वासावाटे शरीरात जाणारा हा ओझोन फुप्फुसांना अपाय करतो.

आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर खारा वारा आहे, आता धूरही आहे. येथील हवा मोजण्याचे काम या शाळेच्या मुलामुलींपैकी कोणी हाती घ्यावे, ही माझी इच्छा. माझ्याकडून एवढेच: सरांचे वाक्य त्यांच्या शब्दासह पुन्हा छापावे. हवेतील मीठ सहसा निष्क्रिय असते.